जळगावचं केळं आणि व्होडका मार्टिनी

घरी मार्टिनीवर प्रयोग करायचे तर खान्देशात सिरपच्या बाटल्या धुंडाळायची गरजच नाही. रावेर-यावलचं केळं पुरेसं आहे. (महाराष्ट्रात त्याआधी वयाची २५ वर्षं पूर्ण आणि परवाना हवाच.) केळ्याच्या वासातला मुख्य घटक आयसोअमाइल अ‍ॅसिटेट. तो पाण्यात जेमतेम विरघळतो, अल्कोहोलमध्ये मात्र सहज. म्हणून गर घोटून घालण्यापेक्षा, सालीवर काळे ठिपके आलेल्या केळ्याच्या जाड चकत्या दिवसभर व्होडकात बुडवून ठेवाव्यात आणि मग व्होडका मलमलच्या फडक्यातून गाळावी. फडकं पिळायचं नाही. पिळलं की गर उतरतो आणि पेय गढूळ होतं. मग ही ६० मिलि व्होडका, १० मिलि ड्राय व्हर्मूथ, भरपूर बर्फ आणि अर्धा मिनिट ढवळणं.

खरी मार्टिनी जिनचीच, असा आक्षेप येतो. पण जिन म्हणजे तरी जुनिपरचा वास चढवलेलं मद्यच की! इयान फ्लेमिंगच्या १९५३च्या ‘कॅसिनो रोयाल’मध्ये जेम्स बाँडच्या पेयात जिन नि व्होडका एकत्रच आहेत. पेय गोड होईल, ही शंका जास्त रास्त. थोडा गोडवा उतरतोच. त्यावर लिंबाची साल आणि भाजलेल्या हिरव्या मिरचीचा एक तुकडा. मिरचीचा तिखटपणाही अल्कोहोलमध्ये झपाट्याने उतरतो, तेव्हा धुळ्याच्या ठेच्याला सरावलेल्या जिभेनेसुद्धा तो तुकडा दहा मिनिटांत काढावा.