पाणी ओतलं, अंडी राहिली

देऊळघाट पैनगंगेच्या काठावर आहे, तरीही इथल्या घरांत पाण्याची साठवण चुकत नाही. नदीचा उगम जवळच, त्यामुळे पावसाळा सरला की धार बारीक होत जाते. बुलढाणा परिसरातल्या अनेक गावांत नळ रोज येईलच असं नसतं. म्हणून आला की ड्रम, टाकी, रांजण, न्हाणीतला हौद, सगळं भरून घ्यायचं. घरच्या बायकांनी कष्टानं राखलेलं हे स्वच्छ पाणीच एडिस डासाला हवं असतं. गावात तापाचे रुग्ण वाढले की सगळ्यांची बोटं गटाराकडे वळतात. गटारात वाढतो तो मुख्यतः क्युलेक्स. तो रात्री झोप मोडतो, आणि पूर्व विदर्भातला हत्तीरोग त्याच्यामुळेच पसरतो. डेंगी पसरवणारा एडिस मात्र दिवसा चावतो, त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात आणि त्याचा जन्म बहुधा आपल्याच घरात झालेला असतो.

एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीवर ती एकेक अंडं चिकटवते. एकाच ड्रमवर तिचा भरवसा नसतो. काही अंडी इथे, काही शेजारच्या कूलरच्या टबात, काही छतावर पडलेल्या टायरमध्ये. अंडं घातल्यावर पांढरं असतं, काही तासांत काळं पडतं. लांबी एक मिलिमीटरपेक्षाही कमी. निळ्या ड्रमच्या आतल्या बाजूला टॉर्च मारून पाहिलं तर काजळी उडाल्यासारखे ठिपके दिसतात, आणि आपण त्यांना मळ समजतो. पाणी ओतून दिलं तरी हे ठिपके जागचे हलत नाहीत. कोरड्या भांड्यात ते कित्येक महिने तग धरतात आणि पाणी पुन्हा त्या रेषेपर्यंत चढलं की त्यांतून अळ्या बाहेर येतात. उन्हाळा संपल्यावर कोपऱ्यात ठेवून दिलेला कूलर पुढच्या मोसमात पाणी भरताच डास देऊ लागतो, तो यामुळेच.

अंड्यापासून उडता डास व्हायला आपल्याकडच्या उष्ण हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असं आरोग्य कर्मचारी सांगतात त्यामागे हेच गणित आहे. पण कोरडा दिवस म्हणजे नुसतं भांडं उपडं करणं नव्हे. काथ्यानं किंवा ताठ ब्रशनं आतली भिंत घासली पाहिजे, विशेषतः पाण्याची रेषा असते तो पट्टा. टंचाईच्या गावात पाणी फेकून द्या असं सांगणं मला क्रूरपणाचं वाटतं, आणि त्याची गरजही नाही. पाणी दाट फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्यावं, ड्रम घासून धुवावा, ते धुवण कोरड्या मातीवर ओतावं आणि गाळलेलं पाणी परत भरावं. फडक्यावर अडकलेल्या अळ्या उन्हात मरतात. वर सुती कापड ताणून बांधलं की मादीला आत वाटच उरत नाही. अर्धवट सरकलेल्या झाकणाचा काही उपयोग नाही.

मोठा हौद किंवा विहीर रिकामी करता येत नाही, तिथे गप्पी मासे सोडावेत. ते अळ्या खातात आणि थेट पिल्लंच देत असल्यामुळे त्यांची संख्या टिकून राहते. नदीनाल्यात मात्र ते सोडू नयेत, तिथल्या स्थानिक माशांवर गदा येते. वापराच्या पाण्यात टाकायचं टेमिफॉस, म्हणजे लोकांच्या तोंडचं अबेट, वास येतो म्हणून बरेच जण नाकारतात. ठरलेल्या प्रमाणात ते माणसाला अपाय करत नाही.

एडिसचा धोका महाराष्ट्राला नवा नाही. १९७३ मध्ये बार्शीत चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती. नंतर तीसेक वर्षं हा आजार जवळपास विसरला गेला आणि २००५-०६ मध्ये देशभर परतला. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला झिकाचा राज्यातला पहिला रुग्ण सापडला. डेंगीसह विषाणू तीन, वाहक तोच एक.

हीच पैनगंगा पुढे नांदेड-यवतमाळच्या सीमेवरून जाते. त्या बाजूच्या हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघर शोषखड्डे घेतले: खड्ड्यात भोकं पाडलेली टाकी, भोवती दगडगोटे, सांडपाणी थेट जमिनीत. उघडी गटारं थांबली, डास हटले आणि ही पद्धत ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून राज्यात पोचली. देऊळघाटसारख्या दाट वस्तीच्या गावानंही ती जरूर उचलावी. मात्र शोषखड्डा क्युलेक्सचा बंदोबस्त करतो. घरातल्या ड्रमवरच्या अंड्यांना तो हात लावत नाही.

धूर फवारणीचीही तीच गत. धुरानं फक्त उडते डास मरतात. शिवाय एडिस बसतो खाटेखाली, खुंटीवरच्या कपड्यांमागे. आणि फवारणीची गाडी आली की आपण दारं लावून घेतो! अन्नपाणी झाकून त्या वेळी दारं उघडी ठेवली तरच धूर त्याच्यापर्यंत पोचतो.

घरात कुणाला डेंगीचा ताप आलाच, तर त्याला दिवसाही मच्छरदाणीत ठेवावं. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत त्याच्या रक्तातून विषाणू डासात जातो आणि आठ-बारा दिवसांनी तोच डास शेजाऱ्याला आजार देऊ शकतो. तापाला पॅरासिटामॉल चालतं. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळावं, रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नये. पोटात तीव्र दुखणं, सततच्या उलट्या, हिरड्यांतून रक्त ही लक्षणं बहुधा त्याच सुमारास दिसतात, आणि तेव्हा एक तासही न दवडता दवाखाना गाठावा.