पेंढ्याचें घर व त्याचा विमा

अमेरिकेच्या नेब्रास्का संस्थानांत, इमारती लांकडाचें दुर्भिक्ष असलेल्या वालुकामय प्रदेशांत, आर्थर या गांवीं १९२८ सालीं पेंढ्याच्या गासड्या रचून बांधलेलें ख्रिस्ती प्रार्थनामंदिर अद्यापि उभें आहे. अशा इमारतीस अग्नीचें भय मोठें, असें वाचकांस सहज वाटेल. परंतु घट्ट दाबून वर गिलावा केलेल्या पेंढ्यांत हवा खेळत नाहीं; म्हणून तो सहसा पेट घेत नाहीं. खरा वैरी ओल. पेंढ्यांतील ओलावा शेंकडा २० च्या वर फार दिवस टिकला कीं बुरशी धरते. विमा-कंपन्या तर बहुधा अकस्मात् झालेली हानि भरून देतात. हळूहळू मुरलेल्या ओलीनें झालेली नव्हे. म्हणून उंच जोतें, रुंद वळचण आणि आंतली ओल बाहेर जाऊं देणारा चुन्याचा गिलावा, हाच गृहस्थाचा पहिला विमा, कागदावरचा दुसरा.