टाका कुठं मारायचा?

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं लहानसं फॅब्रिकेशनचं शेड आहे. गेट, ग्रिल, शेतीची अवजारं हे रोजचं काम. पण महिन्यातून एखादा तरी तरुण जुनी जीप घेऊन दारात उभा राहतो. जीप बहुधा कुणाच्या तरी मळ्यात पडून असलेली, पत्रा सडलेला, इंजिन मात्र चालू. आणि प्रश्न ठरलेला, "काका, हिला डोंगरात, चिखलात चालेल अशी करायची आहे. पैसे थोडे आहेत. पार्ट आपणच बनवू. सुरुवात कुठून करू?"

मी त्याला आधी चहा सांगतो, कारण उत्तर लांब आहे. तेच उत्तर आज इथं सांगणार आहे.

पहिली गोष्ट, जुनी जीपच का? तर ती साध्या हत्यारांनी उघडता येते आणि परत जोडताही येते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी ही गाडी सैन्यासाठी बनवली, तेव्हा तिची दुरुस्ती रानात, उघड्यावर करावी लागणार हे गृहीतच होतं. पुढं महिंद्रनं भारतात विलीजच्या जीपची जुळणी सुरू केली. ऐंशीच्या दशकात आलेली, पूजो डिझेल इंजिनाची 'एमएम ५४०' ही त्याच घराण्यातली. खाली शिडीसारखी चासी, तिच्यावर नटबोल्टांनी बसवलेली बॉडी, पुढं-मागं सलग हाउसिंग आणि पाट्यांचं सस्पेन्शन. आजच्या मोटारींत बॉडी आणि सांगाडा एकच असतो. तिथं एका जागी कापलं की साऱ्या गाडीची ताकद बदलते. जीपमध्ये एक भाग काढून दुसरा बसवला, तरी बाकीची गाडी आपल्या जागी राहते.

आता दुसरी गोष्ट. जीप चिखलात अडते का? मुलांना वाटतं, ताकद कमी पडते म्हणून. तसं सहसा नसतं. हाउसिंगच्या मध्ये जो गोल फुगवटा दिसतो, त्यात डिफरन्शियल असतं. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरावं आणि आतलं कमी, ही सोय ते करतं. पण त्याची एक खोड आहे. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक हवेत गेलं किंवा निसरड्यावर आलं, की ते जेवढा थोडा जोर पेलतं तेवढाच जमिनीवरच्या चाकाला मिळतो. म्हणजे घट्ट जमिनीवरचं चाक गप्प उभं आणि हवेतलं गरगर फिरतंय. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीतसुद्धा पुढचं एक आणि मागचं एक चाक सुटलं, की गाडी जागच्या जागी.

यातून काय निघतं? गाडी उंच करणं हे पहिलं काम नव्हे. चारही चाकं जमिनीला टेकून राहतील हे पाहणं हे पहिलं काम. आणि ते बरंचसं फुकटात होतं. वर्षानुवर्षं पडून असलेल्या जीपचे पाटे गंजून एकमेकांना चिकटलेले असतात. ते उतरवायचे, सुटे करायचे, घासून ग्रीस लावायचं, झिजलेले बुश बदलायचे. तेवढ्यानंसुद्धा चाक खड्ड्यात पूर्वीपेक्षा जास्त खाली जातं. दुसरं म्हणजे टायरची हवा. रस्त्यावर तीस पौंडांच्या आसपास असलेली हवा चिखलात पंधरा-अठरावर आणली, की टायर पसरतो, त्याचा जमिनीवरचा ठसा लांब होतो आणि पकड वाढते. डांबरी रस्त्यावर येण्याआधी मात्र हवा पुन्हा भरायची, नाहीतर टायर तापून फुटेल. हातपंप आणि हवा मोजायचं मीटर, एवढाच याचा खर्च.

यानंतर येतं लोखंडाचं काम. इथं मी खडू हातात घेतो. गाडीखाली वाकून काही भागांवर पांढरी खूण करतो, म्हणजे हे आपण बनवायचं. काहींवर फुली मारतो, म्हणजे याला हात लावायचा नाही.

पांढऱ्या खुणेची पहिली जागा म्हणजे पोटाखालची ढाल. जीपच्या मध्यभागी ट्रान्स्फर केस असते, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी. ती खाली लोंबते आणि दगडावर पहिली तीच आपटते. तिच्याखाली दोन सुताची, म्हणजे साधारण सहा मिलिमीटरची प्लेट चासीला नटबोल्टांनी बसवायची. पुढची कड वर वळवलेली हवी, म्हणजे दगडावरून सरकेल. तेल काढायच्या नटाखाली भोक ठेवायला विसरू नये. मी विसरलो होतो आणि तेल बदलायला दर वेळी अख्खी प्लेट उतरवत बसायचो. दुसरी जागा म्हणजे दाराखालचा पाइप. बॉडीचा पत्रा दगडावर चेपू नये म्हणून चासीपासून आधार काढून जाड पाइप आडवा बसवायचा. तिसरी, बॅटरीचा आणि डिझेलच्या कॅनचा पिंजरा. ही कामं गावातला कुठलाही चांगला वेल्डर करील. यातलं काही मोडलं, तर वाकेल किंवा खाली पडेल, त्याहून जास्त काही होणार नाही.

एक अगदी स्वस्त आणि फार उपयोगाची गोष्ट सांगतो. हाउसिंगवर एक छोटी नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. चालून तापलेलं हाउसिंग ओढ्याच्या गार पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेलाचं ताक होतं आणि बेअरिंग जातात. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचं दुसरं टोक बॉनेटखाली उंचावर बांधलं, की हे संकट टळतं. इंजिनाची हवा उंचावरून घेणारा स्नॉर्केलही लोक पीव्हीसी पाइपाचा बनवतात. त्याला माझी हरकत नाही, पण प्रत्येक जोड हवाबंद हवा. पाणी दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गळका स्नॉर्केल नसलेल्यापेक्षा वाईट, कारण त्याच्या भरवशावर माणूस जास्त खोल पाण्यात शिरतो.

आता फुलीच्या जागा. त्या मी पुस्तकातून शिकलो नाही.

२००९च्या जुलैत माझी स्वतःची जीप गगनबावड्याकडं चुलत्यांच्या शेतात चिखलात रुतली. पुढच्या बंपरवर मी स्वतः बनवलेला हुक होता. जाड सळई वाकवून बंपरला वेल्ड केलेली. टाका देखणा आला होता, मासळीच्या खवल्यांसारखा. चुलतभावानं ट्रॅक्टर आणला आणि नायलॉनचा दोर बांधला. सरळ ओढून जीप हलेना, म्हणून त्यानं थोडं मागं येऊन झटका दिला. हुक बंपरच्या पत्र्याचा तुकडा घेऊन सुटला. ताणलेला नायलॉन रबरासारखा आखडतो. तो हुक गोफणीतल्या दगडासारखा गेला आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसला. मडगार्डला बोटभर खोल खड्डा पडला. तिथून चुलतभावाची पाठ हातभर अंतरावर होती.

तो हसून म्हणाला, "दादा, तुझा टाका कच्चा हाय." मला हसू आलं नाही. घरी येऊन हुक पाहिला, तेव्हा एका बाजूला पत्रा फाटला होता आणि दुसऱ्या बाजूला टाका सबंध निघून आला होता. त्याखाली रंग आणि गंज तसाच होता. रॉडचा रस वर पसरला होता, लोखंडात मुरला नव्हता. वेल्डिंगचं हेच फसवं असतं. बाहेरचा देखणेपणा आतल्या पकडीची खात्री देत नाही. शिवाय जोर येणार होता चासीवर, आणि मी हुक बसवला होता पत्र्यावर. जीपचं वजन सव्वा-दीड टन. पण चाकं चिखलात बुडाली की ती उपसायला तिच्या वजनाइतकाच, प्रसंगी त्याहून जास्त जोर लागतो, आणि झटक्यात तो कितीतरी वाढतो.

आता मी असा हुक बनवतो : तीन सुताची प्लेट थेट चासीच्या दांड्यावर, आतून दुसरी आधाराची प्लेट, आणि दोन्हींच्या मधून सोळा मिलिमीटरचे ८.८ प्रतीचे बोल्ट. असा एक बोल्ट सरळ ताणात बारा टनांच्या पुढं तुटतो. आडव्या कातरीत त्याची ताकद कमी, तरी काही टनांची असते. बोल्टाची प्रत त्याच्या डोक्यावर कोरलेली असते, ती वाचता येते. टाक्याची ताकद डोळ्यांनी वाचता येत नाही. दोर बांधायला भाराचा आकडा कोरलेलं विकतचं डी-शॅकल. दोरावर ओलं पोतं टाकायचं, आणि ओढताना दोराच्या लांबीपेक्षा जवळ कुणीही उभं राहायचं नाही.

त्या दिवसापासून फुलीचा नियम ठरला. जो भाग मोडला तर माणूस जाईल, त्यावर घरचा टाका नाही. स्टिअरिंगचे दांडे आणि आर्म, ब्रेकच्या नळ्या, पाटे हे सगळे फुलीचे. स्टिअरिंगचे आर्म घडाईच्या पोलादाचे असतात. वेल्डिंगनं तापून ते झटकन गार झालं, की टाक्याच्या कडेला ठिसूळ होतं आणि पुढं कधीतरी, न सांगता तुटतं. पाट्याला टाका लावला की त्याचं पाणीच उतरतं. हे भाग विकत घ्यायचे, आणि बजेटमधला पहिला पैसा ब्रेक आणि टायरवर घालायचा. डिफरन्शियल वेल्ड करून दोन्ही चाकं कायमची जखडायची स्वस्त युक्तीही मुलं विचारतात. चिखलात ती चालते. रस्त्याच्या वळणावर मात्र टायर घासतात, स्टिअरिंग जड होतं आणि अ‍ॅक्सल तुटतो.

राहिला उंचीचा प्रश्न. हाउसिंगच्या खाली बसवलेले पाटे वर घेतले, की जीप साधारण पाच इंच उचलते. मीही ते केलं होतं. पण त्यापाठोपाठ प्रॉपेलर शाफ्टच्या जोडांचा कोन बदलतो, स्टिअरिंगचा दांडा तिरपा होतो, ब्रेकच्या नळ्या आखूड पडतात, जोर दिला की पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे पिळतात आणि वळणावर गाडी झुकते. एका कामातून पाच कामं निघतात, आणि त्यातली निम्मी फुलीच्या यादीतली.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार, निर्मात्यानं दिलेल्या आणि नोंदणीपुस्तकात असलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तोच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगीविना केलेल्या बदलांना दंड आणि कैदेची तरतूद आली. पुढच्या लोखंडी बुलबारवर कारवाई करा, असं केंद्रानं डिसेंबर २०१७मध्येच राज्यांना कळवलं होतं. म्हणून काहीही करण्याआधी आरटीओत विचारावं. ज्यांना फक्त खाजगी जागेतल्या स्पर्धेत उतरायचं आहे, त्यांनी गाडी ट्रेलरवरून न्यावी.

मी २०१९ साली पाटे पुन्हा हाउसिंगच्या खाली घेतले. जीप पाच इंच खाली आली. तरी गगनबावड्याच्या त्याच शेतात, त्याच लाल चिखलात ती अजून जाते. हवा कमी करतो, पाटे ग्रीस केलेले आहेत, आणि रुतण्याआधी खाली उतरून वाट पायांनी चाचपतो. पूर्वी हे शेवटचं मी करत नव्हतो.

तो सळईचा हुक शेडच्या भिंतीवर खिळ्याला अडकवून ठेवला आहे. चहा संपला की मुलाच्या हातात आधी तो देतो, खडू नंतर.