सांगेपर्यंत विरणारी अक्षरे

अक्षरांचा तक्ता निमिषभर दाखवून झाकला, तर पाहणाऱ्यास जेमतेम चार-पाच अक्षरे सांगता येतात. मात्र याहून अधिक दिसली होती, सांगता सांगता ती विरून गेली, असे तो आग्रहाने म्हणतो. हे म्हणणे गांभीर्याने घेऊन अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज स्पर्लिंग यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चार-चार अक्षरांच्या तीन ओळी ५० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग, दाखवल्या आणि तक्ता नाहीसा होताच उंच, मध्यम वा खालच्या पट्टीतील एक स्वर ऐकवून अनुक्रमे वरची, मधली वा खालची ओळ तेवढीच विचारली. कोणती ओळ विचारली जाईल हे आधी ठाऊक नसूनही चारांपैकी सुमारे तीन अक्षरे बरोबर येत. म्हणजेच बारांपैकी नऊएक अक्षरे त्या क्षणी मनात उपलब्ध असलीच पाहिजेत, आणि हे साधे अनुमानच या प्रयोगाचे खरे सौंदर्य होय. पुढे १९६७ मध्ये मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर यांनी या क्षणिक दृश्य साठ्यास ‘आयकॉनिक मेमरी’, म्हणजे प्रतिमास्मृती, असे नाव दिले. स्पर्लिंग यांच्या प्रयोगांत स्वर सेकंदभर उशिरा वाजवल्यास मात्र एकच ओळ विचारल्याने होणारा लाभ जवळजवळ नाहीसा होई आणि हाती पुन्हा चार-पाच अक्षरांइतकाच ऐवज उरे.