जुने ते सगळेच सोने नसते!

चार चहाच्या चमच्यांएवढ्या व्हिस्कीची किंमत किती असावी? स्वित्झर्लंडमधल्या सेंट मोरित्झ या निसर्गरम्य गावी २०१७ च्या उन्हाळ्यात एका चिनी पाहुण्याने तेवढ्याच व्हिस्कीसाठी ९,९९९ स्विस फ्रँक मोजले! हॉटेलातल्या त्या बाटलीवर लिहिले होते : ‘मॅकॅलन, १८७८’.

स्कॉटलंडची सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, केवळ मोड आणलेल्या बार्लीपासून तयार झालेली व्हिस्की. कायद्यानुसार ती ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरावी लागते. ‘व्हिंटेज’ म्हणून लिहिलेले साल असते ती गाळली गेली त्या वर्षाचे. पण गंमत अशी, की लोणचे बरणीतही मुरत राहते, व्हिस्की मात्र पिंपातच मुरते. बारा वर्षांनी बाटलीत भरलेली व्हिस्की पुढे पन्नास वर्षे कपाटात ठेवली, तरी तिचे वय बाराच!

मग तिची पारख करायची कशी? जाणकार बरेचसे काम नाकाने करतात. ग्लास ट्युलिपच्या फुलासारखा, तोंडाशी निमुळता. त्यामुळे वास एकवटतो. बर्फ वर्ज्य, कारण गारव्याने वास दबतो. रंगावर विसंबायचे नाही. रंगासाठी कॅरॅमल घालण्याची मुभा असते. आधी हलकेच हुंगायचे. व्हॅनिला, मध, मनुका की पीटच्या धुराचा वास? मग साध्या पाण्याचे काही थेंब टाकायचे, की दडलेले वास वर येतात. त्यानंतर छोटा घोट जिभेवर घोळवायचा आणि गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते पाहायचे. पिंपात गरजेपेक्षा जास्त काळ राहिलेली व्हिस्की लाकडासारखी तुरट लागते. म्हणून जाणकार वयापेक्षा तोल पाहतात.

पण नाक आणि जीभ गाळल्याचे साल छातीठोकपणे सांगू शकत नाहीत. सेंट मोरित्झच्या बाटलीचे छायाचित्र प्रसिद्ध होताच तज्ज्ञांना तिच्या बुचाची आणि लेबलाची शंका आली. हॉटेलने नमुना तपासणीला पाठवला. १९५० नंतरच्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला आणि तो बार्लीतही उतरला. ऑक्सफर्ड विद्यापीठात त्याचेच मोजमाप झाले आणि बिंग फुटले! व्हिस्की बहुधा १९७० ते १९७२ मधली निघाली. इतकेच नव्हे, तर दुसऱ्या तपासणीत ती सिंगल माल्टही नसून मिश्रण असल्याचे दिसले.

हॉटेलचा मालक स्वतः चीनला गेला, पाहुण्याला खरे काय ते सांगितले आणि सगळे पैसे परत केले. बाटली खोटी निघाली, पण हॉटेलवाल्याची नियत मात्र अस्सल निघाली!