टिळक आणि आगरकर एकाच परिच्छेदात

टिळक आणि आगरकर यांची तुलना करा, असा प्रश्न आला की बहुतेक निबंध अर्धे पान टिळकांचे चरित्र सांगतात आणि उरलेले अर्धे आगरकरांचे. माहिती बरोबर असते, पण तुलना कुठेच होत नाही. ती वाचकावर सोडलेली असते. परिच्छेद व्यक्तीवर नव्हे, मुद्द्यावर उभा राहायला हवा. १८९१ चा संमतिवयाचा कायदा घ्या. मुलींचे संमतिवय दहावरून बारा करणाऱ्या या कायद्याला आगरकरांचा पाठिंबा होता. परकीय सरकारने धर्माचारात हात घालू नये, म्हणून टिळकांचा विरोध होता. ही वाक्ये शेजारी आली की कळते, वाद सुधारणेइतकाच ती कोणी करायची याचाही होता.

यावर आक्षेप असा, की दर वाक्याला ‘तर’ आणि ‘याउलट’ येऊन लेखन हेलकावे खाते. आक्षेप खरा आहे. म्हणूनच साम्य आधी एकत्र सांगून टाकावे: दोघांचा जन्म १८५६ चा, १८८१ साली निघालेला ‘केसरी’ दोघांचा, १८८२ मधला डोंगरीचा तुरुंगवासही दोघांचा. एवढे सामायिक असताना १८८८ मध्ये आगरकरांना ‘सुधारक’ हे वेगळे पत्र का काढावेसे वाटले, हा प्रश्न मग आपोआप धारदार होतो. दोघांपैकी एक वाचकाला अगदीच अपरिचित असेल, तर त्याच्यावर स्वतंत्र परिच्छेद जरूर लिहावा; मात्र दुसऱ्या परिच्छेदात तेच मुद्दे, त्याच क्रमाने यायला हवेत.