तांब्या गळत नाही, तरी ओला का?



गार पाण्यानं भरलेला स्टीलचा तांब्या ओट्यावर ठेवला, की थोड्या वेळात तो बाहेरून ओला होतो. तांब्या तर गळत नाही. मग हे पाणी येतं कुठून?

ते येतं हवेतून. हवेत नेहमीच थोडी वाफ असते, ती डोळ्यांना दिसत नाही. गार भांड्याला लागली, की तिचं पुन्हा पाणी होतं. माठाचं मात्र वेगळं. तिथं आतलंच पाणी मातीतून झिरपतं आणि उडून जाताना माठ गार करतं.

पाणी साधारण १०० अंशांला उकळतं. एक लिटर पाण्याची सोळाशे लिटरहून जास्त वाफ होते. म्हणून तर तव्यावरची भाकर टम्म फुगते! कुकरच्या शिट्टीतून पांढरं दिसतं, ते पाण्याचे बारीक थेंब. खरी वाफ शिट्टीच्या अगदी तोंडाशी असते आणि दिसत नाही. तिथं हात नेऊ नका. वाफेचं पाणी होताना तिच्यातली सगळी उष्णता कातडीवर उतरते, म्हणून तिचा चटका उकळत्या पाण्याहून वाईट. हळद शिजवताना झाकण काढायचं, तेव्हाही तोंड बाजूला ठेवा.

गरम भाकर डब्यात कोंडली, की ओली होते. म्हणून आपण ती कापडात गुंडाळून दुरडीत ठेवतो. हीच गोष्ट हळदीची. नरसी नामदेवपासून वसमतपर्यंत आपल्या हिंगोली जिल्ह्यात हळद पिकते, आणि गटाच्या बायका पावडर करून विकतात. गिरणीतून आलेली गरम पावडर लगेच पाकिटात भरली, तर पाकीट गार होताना आत थेंब धरतात. मग गुठळ्या, मग बुरशी. माल परत येतो आणि गटाचं नाव जातं.

तेव्हा आधी हळकुंड पक्कं वाळवा, मोडताना कट्‌कन आवाज यायला हवा. दळल्यावर पावडर सावलीत स्वच्छ कापडावर पसरा. हाताला गार लागली, की मगच भरा.

शंका वाटली, तर एक पारदर्शक पाकीट तासभर उन्हात ठेवून सावलीत आणा. आतून धुरकट झालं, तर हळदीत ओल आहे. ते विकू नका.

उद्या तांब्या पुसताना हे मुलांनाही सांगा.